साधंच कर, जमुना

"साधंच कर" असं जो पहिल्यांदा म्हणाला, त्याने जन्मात कधी चूल पेटवली नसणार, याबद्दल जमुनेला तिळमात्र शंका नव्हती.

धानाची मळणी आटोपली होती. नवा तांदूळ घरात आला की त्याचं पहिलं जेवण सगळ्या कुटुंबाने एकत्र जेवायचं, ही टेकचंदच्या घरची रीत. यंदा सडक अर्जुनीच्या त्या घरात घरची-बाहेरची धरून तेवीस माणसं जेवायची होती. "तुले तरास नोको," टेकचंद बायकोला म्हणाला, "साधंच कर. वरण, भात अन् आलू-वांगा." इथवर ठीक होतं. मग सासूबाई, सुमित्राबाई, म्हणाल्या, "साधंच कर व. पन नव्या तांदळाचं जेवन आहे, वडे तं लागतीनच." नागपूरचे थोरले दीर ईश्वरदास धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसत, त्यामुळे त्यांचा साधेपणा टेकचंदमार्फत आला. त्यांना शुगर होती. त्यांना काहीच नको होतं, फक्त दोन भाकरी, त्याही गरम.

राहिली नणंद गुंजन. ती गोंदिया शहरात राहायची आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ पाठवायची. वीस लोकांचा डिनर तीस मिनिटांत. "वहिनी, देखो ना, एकदम सिंपल आहे," असा खाली तिचा व्हॉइस मेसेज. "अन् पोरांसाठी थोडं पनीर बनवून टाक, ते वांगं नाही खात." जमुनेने तो व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यातल्या बाईपुढे सगळा भाजीपाला वाट्यांमध्ये चिरून ठेवला होता. तो चिरला कोणी, वाट्या घासल्या कोणी, हे काही व्हिडिओ सांगत नव्हता. चार जणांचं साधं एकत्र केलं की एका लग्नाचा स्वयंपाक होतो, एवढा हिशोब या घरात कोणालाच येत नव्हता.

एरवी जमुनेने कपाळाला हात लावून वडे तळले असते, पनीर केलं असतं आणि भाकरीही थापल्या असत्या. एकोणीस वर्षं तेच केलं होतं. पण यंदा दुर्गा यायची होती.

दुर्गा म्हणजे जमुनेची धाकटी बहीण, चिचगडला दिलेली. लहानपणी दोघी एका ताटात जेवायच्या. आई गेल्यापासून मात्र त्या एका पंगतीत एकदाही बसल्या नव्हत्या. जिथे भेट व्हायची तिथे दुर्गा पाटावर आणि जमुना वाढायला. जमुनेची जेवायची पाळी येईपर्यंत दुर्गेला न्यायला कोणीतरी दारात उभंच. "बाई," दुर्गेने फोनवर बजावलं होतं, थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणायची, "मी जेवाले नाई येऊन राहिली. तुयासंग बसाले येऊन राहिली. आठ वाजता माया देर गाडी घेऊन येईन, जंगलाचा रस्ता आहे. तवापर्यंत तू बसली नाई, तं मी उपाशी जाईन."

आणि दुर्गा खरंच उपाशी जाणारी होती. जमुनेला तिचा हट्ट पुरता ठाऊक होता.

त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत सगळे जमले. अंगणात खाटा पडल्या, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि ईश्वरदासांना भावाचं कौतुक आठवलं. गावातल्या देवळाच्या भंडाऱ्याला दरवर्षी पुरुषच स्वयंपाक करतात, आणि त्यात आलू-वांग्याचं मोठं पातेलं, म्हणजे गंज, टेकचंदचा. "आमचा टेकचंद!" ईश्वरदास घरच्या जावयाला, गुंजनच्या नवऱ्याला, सांगू लागले. "चारशे मानसं जेवतेत, बोटं चाटतेत! असा आलू-वांगा पुऱ्या तालुक्यात नाई भेटत!" टेकचंद मान खाली घालून मिशीत हसला.

चहाचे कप गोळा करता करता जमुना थांबली. या माणसाने घरात कधी स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायलं नव्हतं.

"मंग आज तेवीस मानसाले घाला," ती म्हणाली.

"का म्हनतं?" टेकचंदने विचारलं.

"वांगे आनले आहेत, आलू आहेत, अंगनात जागा आहे. वरन-भात माया झाला समजा. भाजी तुमी करा. वडे नाई, पनीर नाई, भाकरी नाई. अन् पयल्या पंगतीत मी दुर्गासंग बसन."

"घरची गोष्ट अलग राह्यते व," टेकचंद पुटपुटला. पण आत्ताच तालुक्याचा नंबर एक झालेला माणूस सख्ख्या जावयासमोर माघार घेणार कसा? तो उठला. देवळातून भंडाऱ्याचा सगळ्यात लहान गंज आणला, तोही अंघोळ करता येईल एवढा. तीन दगडांची चूल मांडली. आणि मग भंडाऱ्यात नसलेली एक अडचण उभी राहिली. तिथे चिरायला दहा जण असतात, लाकूड सारायला एक, मसाला वाटायला दोघं. इथे तो एकटा, आणि एक नाव.

"जमुना, तेल!" "जमुना, हळद कोठी आहे?" "जमुना, सांबार कोन चिरन?" त्याने कोथिंबिरीची जुडी उंचावली.

"फळीवर, वरच्या डब्यात," जमुना जागेवरून सांगायची. "इळा भिंतीले आहे. तुमीच चिरा." तिचे हात शिवशिवत होते. कांदा तो इतका जाड चिरत होता की पाहवेना. वीसदा तिला वाटलं, उठावं, विळा हिसकावावा आणि पंधरा मिनिटांत सगळं उरकून टाकावं. जीव जळत होता. पण शेजारी दुर्गा बसली होती, आणि ती सारखी घड्याळ बघत होती.

सात वाजता पंगत बसली. जमुना दुर्गेशेजारी बसली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागले आणि जमुनेला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. टेकचंदने घाम पुसत स्वतः भाजी वाढली. रंग लालबुंद, वर तेलाची तर्री, वास असा की पोरंसुद्धा पनीर विसरली. सगळ्यांनी पहिला घास घेतला.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

ईश्वरदासांनी घास तोंडात इकडून तिकडे फिरवला. "टेकचंद," ते म्हणाले, "मीठ नाई टाकलं का गा?"

टेकचंदच्या हातातली पळी तशीच राहिली. "मीठ तं टिकाराम टाकते," तो म्हणाला.

आणि ते खरंच होतं. भंडाऱ्यात दोघांनी मीठ टाकून घोटाळा होऊ नये, म्हणून मीठ एकाच हाताने पडतं, आणि तो हात म्हाताऱ्या टिकारामचा. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी चाखायचंही नाही. वीस वर्षं तालुक्याने ज्या भाजीसाठी बोटं चाटली, तिच्यात टेकचंदने कधी चिमूटभर मीठ टाकलं नव्हतं.

बावीस तोंडं जमुनेकडे वळली. रागाने नव्हे, नुसती सवयीने. जमुनेचाही गुडघा सवयीनेच वर उचलला गेला. दुर्गेने त्यावर हात ठेवला आणि दाबला.

"बस, बाई."

जमुना बसली. तिने अळणी भाजी भातात कालवली आणि दुसरा घास घेतला. दुर्गेनेही घेतला.

"जमुना," टेकचंदने दारातून विचारलं, "मीठ कोठी राह्यते आपल्या घरी?"

जमुनेने उत्तर देण्याआधीच पंगतीबाहेर दाराशी बसलेल्या सुमित्राबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत आत गेल्या, मिठाची बरणी घेऊन आल्या. लेकाला ओलांडून, थोरल्याला ओलांडून त्या थेट सुनेपुढे वाकल्या आणि सगळ्यात आधी तिच्या ताटात मीठ वाढलं.

"पन्नास वर्सं मी या घरात वाढलं," त्या म्हणाल्या. "मले कोनी बस नाई म्हनलं."

"मंग आता बसा," जमुना म्हणाली. आवाज चिडकाच निघाला, पण ती दुर्गेकडे सरकली आणि पलीकडे जागा केली. सुमित्राबाई बसल्या. बरणी त्यांनी लेकाच्या हातात दिली.

टेकचंद साऱ्या पंगतीत मीठ वाढत फिरला. मग भात, मग वरण, मग पुन्हा भात. ईश्वरदासांना पाणी, पोरांना लोणचं, गुंजनला आणखी थोडं वरण. गंजात भाजी भराभर खाली जात होती. मीठ पडल्यावर ती खरंच झकास लागत होती. शेवटी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अन् मी कवा जेवू?" त्याने विचारलं.

"सगळ्याइचं झाल्यावर," जमुना म्हणाली. "उरलं तं."

ती चिडून बोलली नव्हती. एकोणीस वर्षं तिला ठाऊक असलेलं उत्तर तिने फक्त सांगितलं. टेकचंदने गंजात डोकावून पाहिलं. बाहेर दुर्गेच्या दिराच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"थांब म्हना त्याले," दुर्गा म्हणाली आणि तिने आणखी भात मागितला.