न घेतलेला घोट
"बोल गो ठमाबाय, भरतीचे टायमाला उघाडी कशी खोलली तुजे नवऱ्यानं?" शिवदास पाटलानं विचारलं.

देवळात सगळा गाव बसला होता. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीआधी पाडायचं, एवढंच बुधाजीचं काम. सत्तावीस सालापासून पंचावन्नपर्यंत त्यानं ते बिनचूक केलं. पंचांगाला न विचारता भरतीची वेळ सांगणारा माणूस! आणि काल निसवायला आलेल्या भातात त्यानंच खारं पाणी घेतलं. पीक तर गेलंच, जमीन खारावल्यानं पुढची दोन-तीन वर्षंही गेली.

ठमाबाईला खरं ठाऊक होतं. जेवून उठलेला नवरा पुन्हा ताटावर येऊन बसायचा. एकदा तर तिलाच म्हणाला, "बाय, तू कुनाची?" तिनं सगळं झाकून ठेवलं. भरती-ओहोटीची वेळ तीच त्याला हळूच सांगायची, आणि तो जाऊन दार पाडायचा नाहीतर उघडायचा. काल नेमकी ती रेवसच्या बाजाराला गेली होती. आता खरं सांगावं, तर वेड्याची पोर कोण करून घेणार? लेकीची, कमळची सोयरीक नुकतीच ठरली होती.

"दारू पियाले व्हते," ती बोलून गेली.

देवळात कुजबुज झाली. गळ्यात तुळशीची माळ घालणारा बुधाजी, आणि दारू? पण दारुड्याला गाव चार शिव्या घालतो आणि सोडून देतो. वेड्याला जन्मभर सोडत नाही.

खांबाला टेकलेल्या बुधाजीनं वर पाहिलं. "मी पियालो?" त्याला काही आठवेना. पण बायको सांगते म्हणजे खरंच असणार. त्यानं माळ काढून तिच्या हातात दिली आणि गावापुढं नाक घासलं. "चुकलो. सगल्यांचा भात नासवला मी."

ठमाबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "नाय वो! खोटी बोलले मी!" ती ओरडली. "थेंबाला शिवले नाय ते! त्यांना याद ऱ्हात नाय, माजं नावबी ऱ्हात नाय. मला ठाव व्हता. मीच लपवला!"

पाटलानं मान फिरवली. एकेक करून माणसं उठून गेली.

आठव्या दिवशी सोयरीक मोडल्याचा निरोप आला. कमळ आईशी महिनाभर बोलली नाही.

पुढं बुधाजी उघाडी विसरला, खाडी विसरला, लेकीला विसरला. देवळात ऐकलेली एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. रोज सकाळी आंघोळ घातली की ठमाबाई त्याच्या गळ्यात माळ घालायची. तो ती काढून अदबीनं तिच्या हातात ठेवायचा.

"नको गो बाय," तो म्हणायचा, "मी दारू पितो. माजी बायको सांगते. ती खोटी नाय बोलाची."