मंडळीचं जातं

मडक्यात नाचणीची मूठ पडली आणि पहाटेच्या शांततेत खर्र असा आवाज झाला. सगुणाबाईनं श्वास धरला. झोळीतलं तान्हं हललं नाही. पण पडवीतून सासूचा आवाज आलाच.

"पाड. पोरांच्या तोंडातलं काढ अन् त्या लोकांच्या मडक्यात पाड."

"एक मूठ तर हाय, आत्याबाई. मामंजी हुते तवा तुमीच टाकत हुता."

"ते हुते तवा हुते," अंबूबाई म्हणाली आणि घोंगडीवर कूस बदलून गप्प झाली.

दळायला बसण्याआधी एक मूठ बाजूला काढायची, ही ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येक घराची चाल होती. सुगीच्या सणाला या मुठींच्या भाकरी व्हायच्या आणि उपासना उरकली की सगळी मंडळी एका पंगतीला बसून त्या खायची. सगुणाबाईला एवढं ऐकून ठाऊक होतं. तिच्या घरचं मडकं दरवर्षी नवरा, ज्ञानू, मंडळीला उपदेश करणाऱ्या मास्तरांच्या पायरीवर ठेवून माघारी यायचा. पुढं त्या दाण्यांचं कोण काय करतं, हे या घरातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. शेवटचं आमेन झालं की अंबूबाई घोंगडी झटकून उठायची आणि डोळ्यांनीच सुनेला उठवायची.

भाटघरच्या धरणाखालच्या त्या गावात मंडळीची बाकी सगळी घरं महारवाड्यातली. कुणब्याचं हे एकच. सासरा चिमाजी प्लेगातून मिशनच्या दवाखान्यात उठला आणि बाप्तिस्मा घेऊन घरी आला. तेव्हा भावकी खवळली. शेवटी पंचांनी वाट काढली: देव कुठला पुजायचा तो पुजा, पण तिकडचं अन्नपाणी घेतलंत तर विहीर बंद. म्हातारा गेला; अट राहिली. म्हणून अंबूबाई दर रविवारी उपासनेला जायची, दारातच स्वतःची घोंगडी अंथरायची आणि सुनेला, नातीला तिच्यावर दाबून बसवायची. मंडळी पुढं, घोंगडी मागं. मध्ये माणूसभर रिकामी जागा. त्या जागेत कधी कुणी बसलं नाही.

सगुणाबाई हिर्डोशीची. आईबाप लहानपणीच गेलेले. मामानं सोयरीक करताना देव कुठला हे विचारलंच नाही, पोरीला दोन वेळा खायला मिळेल का एवढंच विचारलं. खायला मिळालं. माणसं मिळाली नाहीत. श्रावणात हा तान्हा झाला तेव्हा भावकीतली एक बाई उंबरठा चढली नाही, कारण घर ख्रिस्ती. मंडळीतलीही कुणी आली नाही, कारण घर कुणब्याचं. नाळ सासूनं कापली, पाणी ज्ञानूनं तापवलं. बाळंतिणीच्या खोलीत बायकांची बडबड कशी असते, एकमेकींवर खेकसणं कसं असतं, ते तिनं माहेरी पाहिलं होतं. इथं भिंतीकडं तोंड करून ती पडून राहिली आणि तान्ह्याच्या मुठीतलं आपलं बोट सोडवून घ्यायचं धाडस तिला झालं नाही.

मागल्या रविवारी सावळाराम मास्तरांनी उपदेश केला. आठवडाभर ते पोरांना पाढे शिकवायचे, त्यामुळं उपदेशही छडीसारखा यायचा.

"मंडळी म्हणजे भिंत न्हवं, पाठ टेकली अन् झालं! मंडळी म्हणजे जातं. खुंट्याला हात लावल्याबिगर पीठ पडत न्हाई. नुसतं येऊन बसणाऱ्यांचा देवाला काय उपेग?"

मास्तरांची नजर वर आढ्याकडं होती. पण पुढच्या सगळ्या माना वळल्या, त्या दाराकडं. अंबूबाईनं पदर घट्ट केला. सगुणाबाईला मात्र रागाआधी काहीतरी वेगळंच वाटलं. आपल्याला कुणीतरी काम सांगितलं, असं.

ते काम तिनं केलं. यंदाची मुठीची सगळी नाचणी तिनं दळून काढली. तान्ह्याला पाजून निजवलं की तेवढ्यात, सासू खाचरात गेली की तेवढ्यात, असं चोरून-मारून. चाळून घेतलं, पुन्हा चाळलं. पीठ गालाला लावावं इतकं मऊ झालं. आयतं पीठ नेलं तर त्या बायकांचे हात तेवढे वाचतील, हा तिचा हिशेब.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी अंबूबाई भाताचे भारे बांधायला गेल्यावर तिनं तान्ह्याला पाठीशी बांधलं, पिठाची पाटी डोक्यावर घेतली आणि फुलाचं, थोरल्या लेकीचं, बोट धरून महारवाड्याची वाट धरली.

बयाबाईच्या घरात बायका जमल्या होत्या. मंडळीतली ही सगळ्यांत जाणती विधवा. तिच्या जात्यावर सणाचं दळण व्हायचं. जमिनीवर जुनं लुगडं पसरलेलं, त्यावर घरोघरच्या मडक्यांतले दाणे ओतून एक केलेले. नाचणीत ज्वारी, ज्वारीत कुणाची बाजरी. कोणता दाणा कुणाचा ते देवालाच कळावं. जात्याशी सोजराबाई बसली होती. तिची जीभ गावात नावाजलेली.

"कोण गं ती दारात?" ती म्हणाली. "वाट चुकली वाटतं."

"चुकले न्हाई. सणासाठी आणलंय," सगुणाबाई म्हणाली आणि पाटी खाली ठेवली.

सोजराबाईनं उठून फडकं उचललं. बघतच राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "पीठ! अगं बया, पीठ आणलंय पाटलिणीनं. दळून, चाळून!"

"म्हनलं, तुमचे हात वाचतील."

"आमचे हात वाचतील, का तुझे दाणे आमच्या जात्यापासनं वाचले?"

बायका हसल्या. त्या हसण्यात गंमत नव्हती. सगुणाबाईला आता लुगड्यावरची ती रास दिसली आणि आपण काय करून बसलो ते तिच्या टाळूपासून टाचेपर्यंत उतरलं.

बयाबाई हसली नव्हती. ती सावकाश म्हणाली, "दरसाली ज्ञानू पायरीवर मडकं ठिवायचा, चोरावानी. तरी म्या म्हणायची, असू दे, दाणे तर हायेत. आमच्यात मिसळत्यात. हे आता कशात मिसळू?"

"मास्तर म्हनले खुंट्याला हात लावा. म्या लावला."

"घरच्या खुंट्याला!" सोजराबाई म्हणाली. "मास्तर बोलले मंडळीचं जातं, अन् हिनं दार लावून आपलंच फिरवलं. उद्या येशूला बी घरीच जेवायला बोलवंल, म्हणंल, देवा, तिकडं नगा जाऊ, विटाळ हुईल!"

"मला ठाव न्हवतं."

"इतक्या सुग्या दारात बसलीस अन् ठाव न्हाई?"

"कुनी सांगितलं न्हाई मला!"

"कोण सांगंल? मधी तुझ्या सासूची घोंगडी!"

सगुणाबाईचा आवाज फुटला. "घोंगडी माझी न्हाई. आन् माझं पोर झालं तवा तुमी तरी कुठं आलात? एक बाई आली न्हाई. मेले असते तर मूठमाती द्यायला तरी आला असता का?"

बयाबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं.

"आलो असतो," ती म्हणाली. "पर सांग, आलो असतो तर पाणी कशातनं दिलं असतंस?"

पडवीतल्या कोनाड्यात महारवाड्यातल्या माणसांसाठी वेगळा ठेवलेला काळा पडलेला तांब्या सगुणाबाईच्या डोळ्यांपुढं आला. खोटं बोलता आलं असतं. "पडवीतल्या येगळ्या तांब्यातनं," ती म्हणाली.

"बघा," सोजराबाई म्हणाली. "घे तुझी पाटी अन् नीघ."

सगुणाबाईनं पाटीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. बाहेर गेलं की पुन्हा त्या दारातली घोंगडी आणि माणूसभर रिकामी जागा. आणि उद्या फुला मोठी होऊन बाळंत होईल, तीही भिंतीकडं तोंड करून. ती पुढं झाली आणि जात्याच्या रिकाम्या बाजूला फतकल मारून बसली. खुंट्याला हात घातला.

"ऊठ. तुझं लुगडं खराब हुईल," सोजराबाई म्हणाली.

"हुऊ दे."

"पोराला पाठीवर घेऊन दळतात व्हय?" बयाबाई एकदम खेकसली. "त्याची मान बघ कशी लटाकतीय! अक्कल गहाण टाकलीस का? दे हिकडं." तिनं गाठ सोडून तान्ह्याला काढून घेतलं आणि मांडीवर टाकून त्याच्या तोंडावरचं पीठ पुसलं. पुसताना त्याच्या कपाळावर जरा जास्तच वेळ हात राहिला, पण तोंड तसंच आंबट.

सोजराबाई खुंटा सोडायला तयार नव्हती. मग दोघींनी मिळून ओढलं. मिळून कसलं, भांडूनच. सोजराबाई मुद्दाम जोरात फिरवायची, हिचा हात निसटावा म्हणून. ओवी कुणी उचलली नाही. नुसती घरघर. सगुणाबाईच्या खांद्यात कळा आल्या, दुधानं ऊर भरून चोळी ओली झाली, तिनं हात सोडला नाही. पाटीभर पीठ पडल्यावर सोजराबाईच आधी थांबली, कपाळ पुसत. आतून तांब्याभर पाणी आणलं, स्वतः अर्धं प्यायली आणि उरलेलं हिच्यासमोर आदळलं.

"घे. का घरनं आणलंयस?"

सगळ्या बायकांचे हात थांबले. सगुणाबाईनं तांब्या उचलला. विहीर आठवली, सासू आठवली. ती प्यायली, तळाचं शेवटलं पाणी येईपर्यंत. "मला बी," फुला म्हणाली. बयाबाईनं तिला पाणी दिलं आणि तेल-मीठ लावून चतकोर भाकरी हातावर ठेवली. पोरगी दारात बसून पाय हलवत खाऊ लागली.

निघताना सगुणाबाईनं पाटीला हात घातला. बयाबाई म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. भाकरी थापताना परातीत खाली भुरभुरायला पीठ लागतंच. समद्या भाकरींना पुरंल." मग तान्ह्याला तिच्या पाठीशी बांधता बांधता गाठ करकचून आवळली. "उद्या येरवाळी ये, उजाडायच्या आत. हात कमी हायेत."

"आन् घोंगडी आणू नगंस," सोजराबाई पाठमोरीच म्हणाली.

सगुणाबाई फुलाचं बोट धरून घराच्या वाटेला लागली. गोड कुणी बोललं नव्हतं. पण आपल्या माणसावर खेकसावं तसं कुणीतरी तिच्यावर खेकसलं होतं, आणि ते तिनं घरापर्यंत जपून आणलं.

अंगणात कोंडिबा उभा होता, ज्ञानूचा चुलतभाऊ. त्याचं खाचर बयाबाईच्या परसाला लागून. त्याचं बरंच बोलून झालं होतं. अंबूबाई पायरीवर बसून कपाळाला हात लावून होती. ज्ञानू नुकताच धरणावरच्या कामावरून आलेला, तसाच उभा.

"काकी, म्या डोळ्यानं बघितलं," कोंडिबा म्हणाला. "पोरगी दारात बसून खात हुती. उद्यापासनं घागर घेऊन विहिरीवर येऊ नका. आली तर फोडीन." तो बांधापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला, ऐकत.

"गुडघं मोडलं माझं त्या दारात बसून," अंबूबाई सुनेला म्हणाली. "मान्सं हसायची, म्या घोंगडी सोडली न्हाई. का? घरात पाणी ऱ्हावं म्हणून. तू एका दुपारी घालवलंस."

"नदी हाय, आत्याबाई."

"नदी! सरकारनं धरणाचं दार लावलं की नदीत काय, गोटे?"

ज्ञानू पहिल्यांदा बोलला. "उद्या जाऊ नगंस. म्या कोंडिबाच्या पाया पडतो. सांगतो, चूक झाली, पुन्यांदा हुयाची न्हाई."

सगुणाबाईनं तान्ह्याला पाठीवरून सोडलं आणि पदराखाली घेतलं. तो हावऱ्यासारखा प्यायला लागला. त्याच्या भुवईत पीठ अडकलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

"तुमी पाया पडा न्हाईतर पडू नका," ती म्हणाली. "मला येरवाळी जायचंय. त्यांना हात कमी हायेत."

अंबूबाईनं हंबरडा फोडला नाही, शिवी दिली नाही. तिनं फक्त उठून पाण्याचा हंडा आत नेला आणि सुनेचा तांब्या, सुनेची ताटली पडवीत आणून ठेवली. त्याच काळ्या तांब्याशेजारी.

दिवेलागण झाली. रोजच्यासारखी फुला धावत गेली आणि आजीच्या मांडीत शिरायला वाकली. अंबूबाईचे हात सवयीनं पुढं आले, पोरीच्या काखेपाशी पोचले, आणि बांधावरचा कोंडिबा खाकरला. हात मागं गेले.

"लांब ऱ्हा," म्हातारी म्हणाली. "शिवू नगंस मला. तिथलं खाऊन आलीस."

फुला थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग आईकडं आली. परकराची नाडी खाली सारून तिनं आपलं पोट उघडं केलं, दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, आणि अगदी हळू, आजीला ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी लागून विचारलं,

"आई, पोटातली भाकरी कधी संपती गं?"