नैवेद्याआधी

समीक्षा नऊ वर्षांची. गेल्या दिवाळीपासून तिला रोज इन्सुलिन टोचावे लागते. शिमग्याला तिच्या हातातली पुरणपोळी आजीने, प्रयागबाईंनी, ओढून घेतली होती. मायेपोटीच, पण चारचौघांत.

गणपतीच्या आधी महाडच्या डॉक्टरांनी नीट समजावले, "दोन मोदक खाऊ दे तिला. तेवढ्या हिशेबाने टोचा आणि लगेच खायला द्या." मग प्रयागबाईंनीच नातीसाठी दोन लहान मोदक वळले. पोर सकाळपासून चुलीभोवती घुटमळत होती.

नैवेद्याचे ताट देवापुढे गेले, तशी तिची आई दर्शना हिने सुई टोचली. आता आरती, की लगेच जेवण. तेवढ्यात वीर स्टेशनवरून थोरल्या दिरांचा फोन आला, "उतरलो, आलोच!" मुंबईकरांचे हे 'आलोच' सगळ्या कोकणाला ठाऊक आहे. त्यात सणाची गर्दी, रिक्षा मिळते कुठे?

"आई, आरती करूया ना. हिला खायला हवं," दर्शना सासूला म्हणाली.

"थोरल्याबिगर आरती? या घरात कधी झाली नाय. आनि निवद दाखवल्याबिगर इथं कोन खात नाय. येतीलच आता."

दर्शनाने लेकीला विचारले, "बरं वाटतंय ना गो?"

"हो."

तिचे हात थरथरत होते. ते तिने फ्रॉकखाली दडवले. बरं नाही म्हटले तर मोदक जातील, एवढेच त्या जिवाला कळत होते.

रिक्षा दारात आली तेव्हा समीक्षा देवापुढेच आडवी झाली होती. दातखीळ बसलेली, अंग घामाने चिंब. पाहुणे उतरले आणि त्याच रिक्षातून तिला महाडला नेले. शेजारपाजारचे म्हणाले, गोडाने घात केला. असा संताप येतो! घात गोड न मिळाल्याने झाला होता. ताट तर तसेच होते, झाकलेले.

दवाखान्यात शिरेतून साखर दिली. बऱ्याच वेळाने पोरीने डोळे उघडले. समोर आजी बसलेली पाहून ती घाबरली.

"आजी, मी मोदकाला हात नाय लावला गो. देवाशपथ."

प्रयागबाईंनी तिला पोटाशी धरले आणि त्या हमसून हमसून रडू लागल्या.

"लावायचा व्हतास गो बाय," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "लावायचा व्हतास."