लाल खुर्ची आणि कॉलेजचे पाहुणे

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. प्लास्टिकची, कधीकाळी लालभडक. आता उन्हाने रंग उडाला आहे आणि मागचा एक पाय तडकला आहे. खुशालभाऊंनी तो तारेने शिवून दिला, म्हणून अजून उभी आहे.

नाकाडोंगरीच्या बाजारातून मला बैलबंडीत उलटी टाकून आणलं, तेव्हा त्यांची मुलगी दामिनी एवढीशी होती. माझ्या चार पायांच्या मधे बसून ती घरी आली. पण घरी पोचताच तिच्या आईने, चंदाताईंनी, मला पुसून घरापुढच्या छपरीत ठेवलं. "हे पाहुण्यांची खुर्ची आहे. हिच्यावर बसाचं नाही." तेव्हापासून घरचं कोणी माझ्यावर बसलंच नाही. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, निघून जायचे. मग मी एकटी.

गेल्या वर्षी दामिनीची मैत्रीण रक्षा मामाकडे नागपूरला शिकायला गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी दामिनी माझ्या पाठीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभी राहायची. मला तिच्याशी बोलता येत नव्हतं.

यंदा ती दहावी पास झाली आणि पाहुण्यांची रांग लागली. अकरावीसाठी मुलं मिळवायला आलेले वेगवेगळ्या कॉलेजांचे सर!

"सांभाळून बसा जी," खुशालभाऊ सगळ्यांना सांगायचे. "आमची खुर्ची अन् आमचा सरपंच, दोघंबी डगमगतेत."

सर हसायचे आणि सुरू व्हायचे. दप्तर देऊ, पुस्तकं देऊ, सायकल देऊ. "अशी हुशार मुलगी आम्ही पाहिलीच नाही!" पहिल्यांदा हे ऐकून दामिनी लाजली आणि दिवसभर गुणगुणत राहिली. दुसऱ्यांदा नुसती हसली. तिसऱ्यांदा दुसऱ्याच सरांच्या तोंडून तेच शब्द आले, तेव्हा ती दारामागे सरकली.

शेवटी आलेले सर सगळ्यांत गोड होते. "आमच्याकडे रोज यायची कटकटच नाही. पेपरपुरतं या, हजेरी आम्ही लावतो. फक्त शाळेचा दाखला आजच द्या."

"हे त बेस झालं. बसचा तरास नाही," म्हणत खुशालभाऊंनी पेटीतून दाखला काढला.

दामिनी दारातून पुढे आली. "सर, मी कॉलेजात नाही आली त कोणी इचारंल काय?"

"वर्षभर नाही आलीस तरी कोणी विचारणार नाही, बेटा!" सर एवढ्या जोरात हसले की माझा शिवलेला पाय करकरला.

दामिनी हसली नाही. "मंग मले तिथं नाही जाचं."

"काहून वो?" खुशालभाऊ गोंधळले.

"घरी त एकटीच आहो, बाबा. तिथंबी कोणी इचारणार नाही, मंग नाव कायले घालू?"

दाखला खुशालभाऊंच्या हातात होता. सरांचा हात पुढे आलेला होता. चंदाताईंनी त्या हातात चहाचा कप दिला आणि दाखला स्वतःच्या पदराखाली घेतला. "चहा घ्या जी. दाखला राहू द्या."

मग मायलेकी तुमसरच्या कॉलेजात गेल्या. मी कुठली जाणार? आल्यावर चंदाताई सांगत होत्या तेवढंच मला ठाऊक. तिथल्या मॅडमनी दप्तर दिलं नाही, कौतुकही केलं नाही. म्हणाल्या, "रोज यावं लागेल. दोन दिवस दिसली नाही तर घरी फोन करीन." दामिनीने तिथेच नाव घातलं.

आता ती सकाळच्या बसने जाते. माझ्यावर ओले कपडे वाळत पडतात, नाहीतर कोंबडी येऊन बसते. पाहुणे येत नाहीत.

मागच्या महिन्यात तिला ताप आला. एकच दिवस चुकला आणि फोन वाजला. मॅडम नव्हत्या. तिच्या बाकावर बसणारी अपेक्षा नावाची मुलगी होती. "दामिनी, आज काहून नाही आली वो?"

दामिनी पांघरूण घेऊन उन्हात आली आणि बोलता बोलता माझ्यावर बसली. चंदाताईंनी पाहिलं, पण तिला उठवलं नाही. किती वेळ ती बोलत होती! तापाने तिचं अंग गरम होतं, आणि इतक्या वर्षांनी घरचं कोणीतरी माझ्यावर बसलं होतं. दोन दिवसांनी ती बरी झाली, कॉलेजात गेली, आणि मी पुन्हा रिकामी. पण तिकडे तिच्या जागेवर ती बसलेली असेल, हे मला माहीत आहे.

मित्रांनो, माझं एक ऐकाल? उद्या तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी दिसली, तर तिच्यावर आपलं दप्तर ठेवू नका. आधी विचारा, "आज ती काहून नाही आली?"