हात दिल्याशिवाय

दिवाळीची सुट्टी संपली की वच्छलाला चंद्रपूरहून अहेरीला परत जावं लागे. तिथल्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. तिचा नवरा मुखरू चंद्रपुरात एका गॅरेजची क्रेन चालवायचा. जंगलाच्या रस्त्यांवर बंद पडलेले, नालीत उतरलेले ट्रक ओढून आणायचा. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी संसार सुट्ट्यांपुरताच होता. निरोपाची मात्र एक रीत पडली होती. तिची ट्रंक तो स्वतः एसटीच्या टपावर बांधायचा, दोर ओढून बघायचा आणि गाडी हलेपर्यंत तिच्या खिडकीखाली उभा राहायचा.

या खेपेला ट्रंक हमालानं चढवली. सकाळीच गॅरेजमधून बोलावणं आलं होतं. कोठारीच्या पुढं बांबूचा ट्रक नालीत गेला होता. मालक आष्टीचा, तेव्हा ट्रक आष्टीलाच पोचवायचा होता.

"स्टँडवर येनं नाई जमनार," डबा घेताना मुखरू म्हणाला. "पन रस्ता तं एकच हाय."

तेवढ्यावर ती डावीकडची खिडकी धरून बसली होती. आता भेट उन्हाळ्यात. जाताना त्यानं आपल्याला बघावं, एवढंच तिला हवं होतं.

कोठारी मागं पडली. सागाच्या जंगलात एका वळणापाशी रस्त्याच्या कडेला फांद्यांचा ढीग दिसला, शेजारी दगड. बंद गाडीच्या मागं इशारा म्हणून फांद्या आणि दगड सगळेच ठेवतात, आणि निघताना तसेच टाकून जातात. मग अंधारात कुणी तरी त्यांवर आदळतं. मुखरू मात्र सगळे उचलून कडेला लावल्याशिवाय निघत नसे. वच्छलानं पानांकडे निरखून पाहिलं. सागाचं तोडलेलं पान उन्हात लवकर मान टाकतं. ही अजून ताठ होती, म्हणजे तो नुकताच निघाला होता.

पुढच्या चढावर क्रेन दिसलीच. हुकाला तोंड उचलून टांगलेला ट्रक, त्याच्या फाळक्याला लाल फडकं. एसटी मागं येऊन हळू झाली आणि हळूच चालत राहिली.

"काऊन जी डायवरभाऊ, वरातीच्या मांग चाल्लो का आपन?" वच्छलाच्या शेजारची सुगंधाबाई ओरडली. तिच्या मांडीवर टोपलीत कोंबडी होती. "मायी कोंबडी उतरून पायी गेली तं पयले पोचन."

"मंग सोड तिले," ड्रायव्हर देवाजी म्हणाला. "त्याचा हात भाईर आल्याबिगर मी नाई निंगत. समोरचं त्याले दिसते, मले नाई."

"म्हतारा दिसते कोनी."

"म्हातारे नाहीत," वच्छला म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

टांगलेल्या ट्रकला स्वतःचा ब्रेक नव्हता. दोन्ही गाड्यांचं थांबणं एकाच गाडीनं सोसायचं होतं, म्हणून मुखरू चढावरही पुढच्यापासून अंतर राखून, झटका न देता चालला होता. जडत्वाचा धडा शिकवताना ती वर्गात हेच उदाहरण द्यायची. गाडीतले लोक कुरकुरत होते. हा चढ संपू नये, असं तिला वाटत होतं.

चढ संपला. पुढं सरळ रस्ता दिसला असावा, कारण क्रेनच्या उजव्या खिडकीतून हात बाहेर आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. हातानं दोनदा पुढं जायची खूण केली.

देवाजीनं हॉर्न देऊन गाडी उजवीकडे घेतली. वच्छलानं काच सरकवली. ट्रकची चाकं मागं गेली, साखळी, हूक, आणि मग तो, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतका जवळ. दाढी वाढलेली. समोरच्या काचेपाशी डबा तसाच, फडक्याची गाठही न सोडलेला. 'अहो' तिच्या ओठांवर आलं.

क्रेनच्या पुढं डाव्या कडेनं एक सायकलवाला सरपणाची मोळी लादून डुलत चालला होता. मुखरूची नजर त्याच्यावर होती. हाक मारली असती तर त्यानं नक्की मान वळवली असती.

तिनं ओठ मिटले. एसटी पुढं निघाली, वळणाआड क्रेन दिसेनाशी झाली. ती मान वळवून बसली होती ते सुगंधाबाईनं पाहिलं.

"तुया मानूस हाय का तो?"

वच्छलानं मान डोलावली.

"मंग आवाज काऊन नाई देल्ला?"

"मागं एवढा ट्रक लटकला होता ना त्यांच्या."

सुगंधाबाईनं टोपली सावरली. मग म्हणाली, "गोंडपिपरीले चहाले थांबते गाडी. येईन तो."

त्याचा वेग वच्छलाला माहीत होता, आणि अंतरही. गोंडपिपरी येईपर्यंत तिनं मनात हिशेब करून पाहिला, पुन्हा केला. तो पोचणार नव्हता.

गाडी थांबली तेव्हा ती सगळ्यांच्या आधी उतरली. चहा घेतला नाही. आलेल्या रस्त्याकडे तोंड करून, देवाजी हॉर्न वाजवेपर्यंत उभी राहिली.