सवाष्णीचा हात

माझ्या सुनेला, अपेक्षाला, आठव्या महिन्यात झटका आला. जीपमध्ये घालून मी तिला वडगाव रासाईहून दौंडच्या दवाखान्यात आणली. पोरगा विश्वजीत कुरकुंभला शिफ्टवर. तिथं फोन गेटवरच जमा करून घेतात, त्यामुळं नुसती रिंग वाजत होती.

अपेक्षाचे हात सुजून टम्म झालेले. ओटी भरताना घातलेला हिरवा चुडा मनगटात रुतला होता.

नर्स म्हणाली, "आजी, बांगड्या फोडा. लगेच ऑपरेशनला घ्यायचंय."

"फोडा काय गं? आईनं काय शिकवलं का न्हाई तुला? नारळ वाढवत्यात, बांगडी वाढवत्यात. फोडायच्या त्या नवरा मेल्यावर."

"बरं, वाढवा. पण तिचं बीपी वाढतंय. बोलत बसू नका."

वाढवायच्या खऱ्या, पण सवाष्णीनं. आमचे हौसराव गेल्यापासून माझे हात मोकळे. ओटीच्या दिवशी बायका गाणी म्हणत होत्या, तवा मी आपली चुलीपाशी.

"तुझं लग्न झालंय का?" मी नर्सला विचारलं.

"नाही."

मी बाहेर धावले. आयुष्यात कुणापुढं हात पसरला न्हाई, पण बाकावरच्या एका बाईचे मी पाय धरले. "बाई, आत चल. माझ्या सुनेच्या बांगड्या तेवढ्या वाढव."

"मावशी, लेकराला सलाईन लावलंय. सोडून कशी येऊ?"

परत आले तर अपेक्षानं डोळे उघडले होते. "आत्या, तुमीच वाढवा."

"गप. माझ्या हातानं न्हाई."

एवढं म्हणेस्तोवर तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली, खाट हादरायला लागली. नर्स माझ्यावर ओरडली. पोरगी माझ्यासमोर चालली होती आन् मी सवाष्ण हुडकत होते!

पदर गुंडाळून मी एकेक बांगडी दाबली. काच माझ्या बोटात शिरली. मनगट मोकळं झालं तशी तिला आत पळवली.

पोरगी झाली. रडली. पण अपेक्षाचं रक्त थांबंना.

कंपनीत निरोप पोचला तसा विश्वजीत तिथल्या कपड्यांतच धावत आला. खाटेखालची हिरवी काच त्याला दिसली. "आई, तू हात लावलास?"

"व्हय, मीच. बोलायचं ते मागनं बोल. आदी रक्त द्यायला पळ."