तिसऱ्या खाटेवरची मावशी

मावशीचं पोट म्हणजे अख्ख्या हॉस्पिटलची शाळा होती. थापा मारत नाही हो. बारा वर्षं, दर गुरुवारी दुपारी, वॉर्डातल्या चादरी बदलून झाल्या की मावशी शिकवणीच्या खोलीत तिसऱ्या खाटेवर आडवी व्हायची, आणि नवे रेसिडेंट डॉक्टर तिच्या पोटावर गार जेल ओतून सोनोग्राफी शिकायचे. मोठं नव्हे, ते छोटं मशीन, खाटेजवळ ढकलत नेता येणारं. पेशंटला हलवावं लागत नाही, जागच्या जागी आतलं दिसतं. पण दिसायला हात बसावा लागतो, आणि तो बसायचा मावशीवर. ‘जरा तिरका धरा, बरगडी आड येतेय,’ असं ती झोपल्या झोपल्या सांगायची आणि ते बरोबर निघायचं.

शिकवणारे सर म्हणजे तिचा काडीपैलवान. अठरा वर्षांपूर्वी तो स्वतः रेसिडेंट होता तेव्हा इतका वाळका, की अंगातला पांढरा कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. मावशीनं आपल्या डब्यातलं अर्धं त्याला खायला घालून माणसांत आणला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा दांडा, टेकवला तोही तिच्याच पोटावर, गुरुवारची शिकवणी सुरू व्हायच्या कितीतरी आधी, लटलटत्या हातानं. आता तो विभागप्रमुख झाला होता, पोट सुटलं होतं. चारचौघांत मावशी त्याला सर म्हणायची, एकटा सापडला की काडीपैलवान. तो हसायचा. त्याला घडवण्यात आपला वाटा आहे असं तिला वाटायचं, आणि का वाटू नये?

वर्षातून एकदा परीक्षा व्हायची. चार खाटांवर चारजण झोपवायचे, रेसिडेंटनं प्रोब फिरवून कुणाच्या आत काय आहे ते लिहायचं. बरोबर उत्तरांचं सीलबंद पाकीट सरांच्या खोलीतून परीक्षेच्या खोलीत न्यायचा मान मावशीचा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही, असं सर सगळ्यांसमोर म्हणायचे. रेसिडेंट गोडीगुलाबीनं विचारायचे, मावशी, नुसतं तिसऱ्या खाटेचं सांगा ना. मावशी त्यांना वाटेला लावायची. पाकीट छातीशी धरून चालायची आणि उघडायचा विचारही तिच्या मनाला शिवायचा नाही.

दोन वर्षं तिच्या डाव्या कुशीत ठुसठुसत होतं. नवरा कपडे शिवायचा. मशीनवरून मान वर न करता तो म्हणायचा, दाखव कुणाला तरी. मावशी त्याला उडवून लावायची, अहो, आठवड्याला वीस डॉक्टर माझ्या आत डोकावतात, काही असतं तर सांगितलं नसतं का? तो बिचारा परत शिवत बसायचा.

यंदाच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मावशी चादरींच्या खोलीत गेली, तर गठ्ठ्यांमागे लंबू रडत बसलेली. ही रेसिडेंट पोरगी ताडमाड उंच, म्हणून सगळे तिला लंबू म्हणत. मावशीनं पाणी आणून दिलं. नापास झाले, म्हणाली, आणि तेही तुमच्या खाटेवर.

“डावी किडनी नॉर्मल लिहिली मी. एवढी फुगलेली, लघवी तुंबून नुसती पिशवी झालेली, आणि मला दिसली नाही.”

“कुणाची?”

“तुमची.” लंबूनं नाक पुसता पुसता वर पाहिलं. “तुम्हाला माहीत आहे ना, मावशी? सर म्हणाले, तीन वर्षं हीच केस ठेवलीय, म्हणून तर गुरुवारी डावीकडे प्रोब नेऊ देत नाहीत.”

“माहीत आहे की,” मावशी म्हणाली.

का खोटं बोलली, देव जाणे. चोरी दुसऱ्याची आणि शरम हिला वाटली. तशीच ती शिकवणीच्या खोलीत गेली. उत्तरांच्या कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला होती. जुनी पाकिटं आता उघडीच होती. तिनं तिन्ही कागद टेबलावर मांडले. अक्षर सरांचं, ओळखीचं. तिसरी खाट, डावी किडनी, किंचित सूज. पुढच्या वर्षी, मध्यम सूज. यंदा, खूप सूज, किडनीचा थर पातळ झालेला, आणि खाली एक ओळ जास्तीची: उत्तम केस, पुढच्या वर्षीही बोलावणे.

मावशी स्टुलावर बसली. तीन वर्षं हे तिनं स्वतःच्या हातांनी वाहून नेलं होतं. ज्याला खाऊ घातलं, त्यानं काय केलं बघा. मेल्यानं आपल्याला खडूसारखं वापरलं, असं तिच्या मनात आलं आणि रागानं तिचे कान तापले.

गुरुवारी ती नेहमीसारखी तिसऱ्या खाटेवर झोपली. वीस रेसिडेंट भोवती उभे. आज सोनोग्राफी सरांनी करायची, ती म्हणाली. सरांना कौतुक वाटलं, त्यांनी प्रोब घेतला. मग ती म्हणाली, स्क्रीन माझ्याकडे फिरवा. बारा वर्षांत स्क्रीनचं तोंड कायम शिकणाऱ्यांकडे असायचं. तिनं आपलं आतलं कधी पाहिलंच नव्हतं. लंबूनं पुढे होऊन मशीन फिरवलं.

“डावीकडे घ्या,” मावशी म्हणाली.

सरांनी प्रोब सावकाश डावीकडे सरकवला. स्क्रीनवर मोठा काळा डाग आला. मावशीनं पदराखालून तिसरा कागद काढून पोटावर ठेवला. सरांनी तो ओळखला. पहिल्या वर्षी अगदीच थोडं होतं, ते हळू आवाजात म्हणाले, दुसऱ्या वर्षी परीक्षा झाली की सांगणार होतो, मग कामात राहून गेलं. मावशीनं कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मावशी, मी तुम्हाला...”

“मावशी म्हणू नका. पेशंट म्हणा. पेशंटला सांगावं तरी लागतं.”

मग सरांनी सांगितलं, वीस जणांसमोर, खाली मान घालून. डाव्या मूत्रनळीत खडा अडकला असणार, किडनी फुगत गेलीय, पुढच्या तपासण्या आजच करायला हव्यात. पहिल्या वर्षी काढला असता तर किडनी वाचली असती का, हे मावशीनं विचारलं. बहुतेक वाचली असती, ते म्हणाले. पोटावरचं जेल लंबूनं पुसलं.

तपासणीत कळलं, डावी किडनी सात टक्के काम करतेय. काढायची ठरली. उजवी धड होती. नवऱ्याला मावशीनं सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं शिवणयंत्र थांबवलं आणि पुन्हा चालू केलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी सर वॉर्डात आले. हातात डबा होता. घरून आणलाय, अर्धा तुम्ही, अर्धा मी, ते म्हणाले आणि खाटेशेजारी उभे राहिले. मावशीनं डबा घेतला. झाकण न उघडता तो शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिला, चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.